सर्जेरावाने सर्व्हर कुठं हलवला

आमच्या शेजारच्या गावात एक भोळा घरजावई होता. भोळे जावई आमच्याही गावात आहेत, पण त्यांची नावं घेतली तर ते भांडायला येतात. या जावयाचं नाव सर्जेराव. तो कधी कुणाशी भांडला नाही. त्याला सांगावं आणि त्याने करावं, इतका सरळ मामला होता. अडचण एवढीच की तो सांगितलेलंच करायचा. त्याच्या अलीकडचं नाही आणि पलीकडचंही नाही.

लग्नानंतर पहिल्यांदा सासरी आला तेव्हा सासरे म्हणाले, "पाव्हणं, बसा." सर्जेराव बसला. पुढे 'उठा' म्हणायचं कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, म्हणून तो तिथेच राहिला आणि घरजावई झाला, असं लोक सांगतात. खोटंही असेल. पण ऐकून कुणाला नवल वाटत नाही.

सासऱ्यांना सगळा गाव आबा म्हणे. आबा हलगी वाजवत. त्यांची हलगी सुरू झाली की वरातीतला घोडासुद्धा नवऱ्या मुलाला विसरून नाचायला लागे. गेल्या वर्षी आबा गेले आणि त्यांचा आवाज तेवढा मागे राहिला, तो एका काळ्या डब्यात.

हा डबा म्हणजे घरचा सर्व्हर. आबांचा मुलगा इंद्रजित पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता, त्याने तो आणून बसवला होता. भाकरीच्या डब्याएवढं यंत्र. देवघराशेजारच्या कोनाड्यात बसून ते घरातले फोटो, लग्नाची शूटिंगं, जत्रेतली गाणी सांभाळी आणि मागितलं की टीव्हीवर दाखवी. इंद्रजितने त्याला एक काम लावून दिलं होतं. रोज सकाळी सहाला आबांची हलगी वाजायची. मग आबा खाकरायचे. मग म्हणायचे, "पाव्हणं, उठा. चहा टाका."

सर्जेराव उठायचा आणि चहा टाकायचा. एक कप सासूबाईंना, एक बायकोला, एक आबांच्या फोटोपुढे. त्याची बायको शालन तोवर डोळे मिटून अंथरुणातच असायची. वडील गेले हे तिला दिवसभर ठाऊक असायचं. सकाळी सहाला मात्र तेवढी हलगी संपेपर्यंत ते खरं वाटायचं नाही. म्हणून त्या डब्यावर तिचा जीव होता.

एक दिवस इंद्रजितचा फोन आला.

"दाजी, आपल्या सर्व्हरची सिस्टीम जुनी झालीय. जिनं केली त्या कंपनीनं हात वर केलेत. आता दुसऱ्या सिस्टीमवर जायचं, का आहे तिथंच राहायचं, ते ठरवावं लागंल."

"सिस्टीम म्हंजे?"

"डब्याच्या आत बसून डबा चालवणारा कारभारी समजा. तो म्हातारा झालाय. नवा ठेवायचा का, एवढंच."

"आबा ऱ्हातील न्हवं?"

"नीट हलवलं तर राहतील. चुकलं तर पुसले जातील. म्हणून म्हणतो, घाई नको. चार जाणत्या माणसांना विचारा."

"बरं," सर्जेराव म्हणाला. "चारच न्हवं?"

"चारच," इंद्रजित म्हणाला. त्याला वाटलं दाजी चेष्टा करतायत. दाजींनी जन्मात चेष्टा केली नव्हती.

सर्जेराव निघाला. पहिला जाणता माणूस भेटला तो न्हावी. तो म्हणाला, "जुनं त्ये सोनं. जाऊ नगा." दुसरे भेटले पेन्शनवाले गुरुजी. ते म्हणाले, "बदल हवाच. जा." एक 'नको' आणि एक 'हो' झालं. तिसरा भेटला गुराढोरांचा डॉक्टर. तो मोटारसायकलवर बसूनच बोलला.

"वय काय?"

"सात वर्सं."

"खातंय का?"

"करंट खातंय."

डॉक्टर घाईत होता. त्याने ते वैरणीचं नवं नाव समजून सोडून दिलं.

"अंग गरम लागतंय?"

"पाठीमागनं लई."

"मग कोंदट जागेत कशाला ठेवलंय? झाडाखाली वाऱ्याला बांध."

दुसऱ्या दिवशी सकाळी हलगी वाजली नाही. सहा वाजून गेले. कुणी 'चहा टाका' म्हटलं नाही, म्हणून चहाही झाला नाही. सर्जेराव अंथरुणात डोळे उघडे ठेवून पडून होता. शालन धडपडत कोनाड्याकडे गेली. कोनाडा रिकामा. ती अंगणात आली तर कडुलिंबाच्या झाडाखाली डबा दाव्याने बांधलेला आणि पुढ्यात मूठभर कडबा.

"अहो, ह्ये काय?"

"डॉक्टरनं सांगितलं."

"कडबा?"

"त्यो माज्या मनानं."

"यंत्राला धूळ लागू द्यायची नसती वं! नीट झाकून ठिवायचं असतंय!"

"ह्ये आधी सांगायचं न्हवं," सर्जेराव म्हणाला.

त्याने डबा कोनाड्यात नेला, वायरी जोडल्या आणि वरून दोन गोधड्या पांघरल्या. गोधड्यांच्या कडा चारी बाजूंनी खोचल्या. लहान मुलालाही इतक्या मायेने कुणी निजवलं नसेल. रात्रभर डबा आत तापला आणि पहाटे बंद पडला. हलगी नाही, चहा नाही. सासूबाई देवापुढे बसल्या बसल्या म्हणाल्या, "ह्या घरात चहासाठी आता मेलेल्या माणसाची वाट बघायची." म्हणाल्या खऱ्या, पण चहा त्यांनीही टाकला नाही. वर्षभरात सवय मोडली होती.

शालनने भावाला फोन लावला. इंद्रजितने दाजींना फोनवर बोलावलं.

"दाजी, तापणाऱ्या वस्तूवर कधी झाकण घालायचं नाही. उघडी सोडायची, वाफ जाऊ द्यायची. कळलं?"

"कळलं. ह्ये आधी सांगायचं न्हवं."

डबा निवला आणि पुन्हा चालू झाला. आबा बोलले, चहा झाला. त्या दिवशी शालन दूध तापायला ठेवून, वर झाकण घालून पाण्याला गेली. सर्जेरावाने पाहिलं. दूध तापत होतं आणि वर झाकण. त्याने झाकण काढलं, गॅस बंद केला, पातेलं उंबऱ्यात आणून उघडं सोडलं आणि रानात निघून गेला. वाफ गेली. वाफेच्या मागोमाग दूधही गेलं. शालन आली तेव्हा मांजर पातेल्याशेजारी पोट वर करून झोपलं होतं.

"अहो, असं काम चाललं असताना पुढनं हलायचं न्हाई! डोळा ठिवायचा! घराला आग लागली तरी पूर्ण हुईस्तवर जागा सोडायची न्हाई!"

"ह्ये आधी सांगायचं न्हवं," सर्जेराव म्हणाला. त्याला शालनचा राग आला नाही. एवढ्या सोप्या गोष्टी लोक आधी का सांगत नाहीत, याचं मात्र वाईट वाटलं.

अजून चौथा जाणता माणूस बाकी होता. सर्जेराव देवळात गेला. गुरव म्हणाला, "ह्यात माणसाला काय विचारतोस? देवाला इचार. कौल लाव. ह्या फुलाच्या दोन पाकळ्या घे, पाण्यात बुडवून चिकटव. उजवी आधी पडली तर जायचं. डावी पडली तर ऱ्हायचं."

कुठे चिकटवायच्या ते गुरवाने सांगितलं नाही. देव समोर असताना कोण सांगेल? सर्जेरावाने घरी येऊन त्या डब्याला चिकटवल्या, ज्याचा प्रश्न त्याच्यावरच. मग हात जोडून उभा राहिला. डब्याच्या आत पंखा असतो. तो गरम झाला की फिरतो. पंखा फिरला आणि दोन्ही पाकळ्या एकदमच उडाल्या. एक सासूबाईंच्या जपमाळेवर पडली.

त्याने इंद्रजितला फोन लावला. "एक म्हणतोय जा, एक म्हणतोय नगं. डॉक्टर म्हणतोय झाडाला बांधा. देव म्हणतोय जावा बी आन ऱ्हावा बी."

मग इंद्रजित म्हणाला, "दाजी, तुम्ही काही ठरवू नका. आबांच्या वर्षश्राद्धाला मी येतोय, तेव्हा बघू. तोवर एकच करा. कपाटात स्टीलचा पेन ड्राईव्ह आहे. शालूताईला सांगा, त्याच्यावर सगळ्याची कॉपी काढायला लावंल. आणि ध्यानात ठेवा, डबा आणि कॉपी एकाच छपराखाली ठेवायची नाही. घराला काही झालं तर दोन्ही जातील. कॉपी एकाच जागी ठेवणारा माणूस एक दिवस रडतो."

"एका छपराखाली न्हाई," सर्जेरावाने घोकलं.

शालनने भावाला विचारून कॉपी सुरू करून दिली. टीव्हीवर एक हिरवी पट्टी मुंगीच्या पावलाने भरायला लागली. "ही आपली आपण भरती," शालन म्हणाली. "तुमी तेवढं स्टँडवर जाऊन आईला घिऊन या. मावशीकडनं येतीया, संगं बोचकं हाय." एवढं सांगून ती रानात गेली.

सर्जेराव निघाला आणि उंबऱ्यात थांबला. काम चाललं होतं. पूर्ण होईस्तोवर जागा सोडायची नव्हती. तो परत फिरला, टीव्हीसमोर उभा राहिला आणि पट्टीवर डोळा ठेवला.

सासूबाई भर उन्हात डोक्यावर बोचकं घेऊन चालत आल्या. दारात येऊन त्यांनी हाक मारली. सर्जेरावाने मान वळवली नाही.

"पाव्हणं!"

"थांबा मामी. उतू जाईल."

"काय उतू जाईल?"

"आबा."

सासूबाईंनी बोचकं दाणकन खाली टाकलं. पट्टी भरली, तेव्हा कुठे सर्जेराव वळला. सासूबाईंचा पारा चढला होता.

"पाव्हणं, दारात आलेल्याला पाठ दावायची नसती. माणूस असू दे न्हाईतर जनावर, त्याच्याकडं हसून बघायचं. या म्हणायचं, घ्या म्हणायचं. त्यानं कशाला बी हात घातला तरी हटकायचं न्हाई. ह्या घराची रीत हाय ती. आबांनी कधी मोडली न्हाई."

"ह्ये आधी सांगायचं न्हवं," सर्जेराव म्हणाला. मग त्याने हसून सासूबाईंकडे पाहिलं आणि म्हणाला, "या. घ्या." त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

पेन ड्राईव्ह तयार झाला. टीव्हीला लावून पाहिला तर आबा ठणठणीत बोलले. आता तो ठेवायचा कुठे? छपराखाली नाही. सर्जेरावाने शिडी लावली, पेन ड्राईव्ह एका वाटीत घातला आणि वाटी छपरावर, कौलांच्या खाचेत नीट बसवून आला. वरून काही झाकावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. पण ऊन होतं, वाटी तापणार होती आणि तापणाऱ्या वस्तूवर झाकण घालायचं नसतं. त्याने उघडीच ठेवली. शालनने विचारलं, "कापी ठिवली का?" तो म्हणाला, "ठिवली." ती निश्चिंत झाली. सर्जेरावाला अर्धा प्रश्न विचारून निश्चिंत होऊ नये, हे तिला इतक्या वर्षांत कळायला हवं होतं.

वर्षश्राद्धाला इंद्रजित आला. सकाळी धार्मिक कार्य आटोपलं, बायका वडे तळायला बसल्या आणि त्याने डबा पुढ्यात ओढला.

"दाजी, कॉपी काढलीय ना?"

"काढलीया."

"चालवून बघितली?"

"आबा बोलले."

"ठेवलीय कुठं? याच छपराखाली तर नाही ना?"

"छपराखाली? अजिबात न्हाई."

"शाब्बास दाजी!"

सर्जेरावाला त्या घरात पहिल्यांदाच कुणी शाब्बास म्हटलं होतं. त्याचे कान लाल झाले.

"मग भ्यायचं कशाला?" इंद्रजित म्हणाला. "कॉपी असली की माणूस राजा. चला, जाऊया नव्यावर." आणि त्याने बटण दाबलं. जुना कारभारी गेला. त्याच्याबरोबर डब्यातलं सगळं पुसलं गेलं. नवी सिस्टीम बसली, दिवे निळे लागले, सगळे कौतुकाने बघू लागले.

"आता आणा कॉपी."

"आधी पान ठिवा," आतून सासूबाई म्हणाल्या. "कावळा शिवल्याबिगर कुणी काय बी आणायचं न्हाई. माणूस उपाशी बसलाय तिकडं."

वड्या-खिरीचं पान घेऊन सर्जेराव शिडीवर चढला. वाटीशेजारीच जागा सपाट होती, तिथेच त्याने पान ठेवलं. एक वडा घरंगळला म्हणून तो उचलायला गेला, तर खालून शालन ओरडली, "अहो! हात लावू नगा! पितरांच्या फुडं गेलं त्ये गेलं! त्यातलं कायबी माघारी घ्यायचं न्हाई!"

"बरं," म्हणून सर्जेराव शिडीवरच थांबला. कुणी 'उतरा' म्हटलं नव्हतं.

कावळा येईना. सगळे अंगणात माना वर करून उभे. इंद्रजित म्हणाला, "आबा, आईला पुण्याला नेत नाही, इथंच ठेवतो." कावळा आला नाही. सासूबाई म्हणाल्या, "हलगी कुणाला इकत न्हाई." तरी नाही. शालनने डोळे पुसले आणि म्हणाली, "आबा, तुमचा आवाज जपून ठिवलाय वं. रोज ऐकतोय."

आणि लिंबावरून कावळा उतरला. पानाकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. वाटीच्या काठावर बसला, आत वाकून चकचकीत वस्तू न्याहाळली आणि सर्जेरावाकडे मान तिरकी केली.

दारात आलेला जीव. सर्जेराव हसला. "या," म्हणाला. "घ्या."

कावळ्याने पेन ड्राईव्ह चोचीत धरला आणि लिंबाच्या शेंड्यावर नेला.

"दाजी," इंद्रजित म्हणाला, "त्याच्या चोचीत काय होतं?"

"कापी."

मग शालनने असा हंबरडा फोडला की शेजारपाजारचे गोळा झाले. वडील गेले त्या दिवशीही ती एवढी रडली नव्हती. "चढा!" ती नवऱ्याला म्हणाली. "आत्ताच्या आत्ता वर चढा आन बघा कुठं हाय त्ये!"

सर्जेराव खारीसारखा लिंबावर चढला. शेंड्याशी घरटं होतं. तो त्यात डोकावला, काहीतरी बोलल्यासारखा दिसला, हात जोडले आणि खाली उतरला.

"हाय का?" शालन धावली.

"हाय की. घरट्यात. नीट हाय, वल्लं बिल्लं काय न्हाई."

"मग कुठाय? द्या!"

"आगं, तूच म्हणालीस, पितरांच्या फुडं गेलं त्यातलं माघारी घ्यायचं न्हाई. बघायला सांगितलंस, बघून आलो."

इंद्रजितने चपला भिरकावल्या आणि स्वतः चढला. पुण्यात झाडं चढायची सवय राहत नाही, त्याला वेळ लागला. घरट्यात काड्या होत्या, एक तार होती, कुणाच्या तरी चष्म्याची काडी होती. पेन ड्राईव्ह नव्हता. कावळा दूर ओढ्यापलीकडे उडताना दिसत होता.

"दाजी, वर तुम्ही काय बोलत होता?" त्याने फांदीवरूनच विचारलं.

"काय न्हाई," सर्जेराव म्हणाला. "त्येंना सांगून आलो. म्हटलं, एकाच जागी ठिवू नगा. एक दिवस रडाल."

इंद्रजित फांदीला मिठी मारून तसाच बसला. शालन जमिनीवर बसली. तेवढ्यात सासूबाई हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून हसल्या, मग पदर सोडून हसल्या.

"न्हेऊ दे गं," त्या म्हणाल्या. "वरीसभर डब्यात कोंडून घातला हुता त्या माणसाला. जिता असताना घरात तासभर बसला नव्हता कधी. आपलं हुतं त्ये घिऊन गेला." आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजले. डब्याचे निळे दिवे लागले होते, पंखा फिरत होता, नवा कारभारी हुशार होता. पण त्याच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. शालन डोळे मिटून पडली होती. सर्जेराव अंथरुणात बसून वाट बघत होता. कुणी काही म्हणेना.

इतक्यात छपरावर कावळा ओरडला. आधी जरा खाकरल्यासारखा, मग मोकळ्या गळ्याने.

"आलो आबा," म्हणत सर्जेराव उठला आणि त्याने चहा टाकला. एक कप सासूबाईंना, एक बायकोला. तिसरा घेऊन तो शिडी चढला. शालनने ते खिडकीतून पाहिलं. तिला रडायचं होतं. पण छपराच्या कडेला बसून कावळ्याला 'घ्या, घ्या' म्हणणारा नवरा बघून तिला हसू फुटलं, आणि मग तिने चहा गरम असतानाच पिऊन टाकला.

महिन्याभराने इंद्रजितचा फोन आला. त्याने चाचरतच विचारलं, "दाजी, नवी सिस्टीम कशी चाललीय?"

"ब्येस," सर्जेराव म्हणाला. "सा म्हंजे साला येतीया. करंट लागत न्हाई, तापत न्हाई. फकस्त चहात बिस्कीट बुडवून द्यावं लागतंय."

इंद्रजितने मोठा श्वास घेतला. "आणि दाजी... आता कॉपीचं काय?"

"त्याची काळजी करू नगा," सर्जेराव म्हणाला. "परवापासनं दोन येत्यात."